कुबडीची कडी

बाबा गेल्यानंतर काही आठवड्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला. बोलणारा माणूस सभ्य होता. आधी चार शब्द सांत्वनाचे बोलला, मग म्हणाला, "तुमच्या वडिलांच्या नावावर एक बंदूक आहे. परवाना त्यांचा होता, त्यामुळे आता ती अशी घरात ठेवता येणार नाही. कुणीतरी आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर आमच्याकडे जमा करा. जमा झालेल्या बंदुका पुढे वितळवायला जातात."

आमच्या घरात बंदूक आहे हे मी जवळजवळ विसरलेच होते. लोखंडी कपाटात, जाड कोटांच्या मागे, कॅनव्हासच्या लांब पिशवीत ती उभी असायची. वर्षातून एकदा बाबा ती बाहेर काढत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरत, सगळे भाग सुटे करून पुसत आणि पुन्हा जोडून ठेवून देत. त्या दिवशी बाबांशी कुणी बोलायचं नाही असा काही नियम नव्हता, पण कुणी बोलत नसे.

मी दादाला फोन केला. तो दूरच्या शहरात असतो. "मला नको बाई," तो म्हणाला. "माझ्याकडे दोन वांड कार्टी आहेत. टीव्हीचा रिमोटसुद्धा माळ्यावर ठेवावा लागतो."

आई म्हणाली, "देऊन टाक. लोखंडच आहे शेवटी."

मीही देऊनच टाकणार होते. पण ठाण्यात जमा करायची तरी आधी एका परवानाधारक दुकानदाराकडून तपासून आणा, असं त्यांनी सांगितलं. म्हणून मी हॉस्पिटलातून अर्धी रजा काढली. मी तिथे एक्स-रे काढते. ठाण्याची परवानगी घेऊन, ती पिशवी टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवून बंदूकवाल्याकडे गेले.

एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला शिंपी, आणि मध्ये बंदूकवाल्याची अरुंद खोली. दाराला जाळी, जाळीला दोन कुलपं. आत तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. कामाच्या टेबलावरच्या शिकंज्याच्या जबड्यांना चामडं लावलेलं, म्हणजे आवळलेल्या वस्तूवर ओरखडा उठू नये. बंदूकवाला पोट सुटलेला, मोठ्या आवाजाचा माणूस होता. ऐकणारं कुणी मिळालं की सोडायचं नाही, अशातला. त्याने पिशवीची चेन उघडली आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा. कुबडी."

"काय?"

"हिची पाठ बघा ना. बाकीच्या बंदुकांची पाठ दस्त्याकडे हळूहळू उतरते. ही मागे एकदम चौकोनी, आणि मग सरळ खाली. जुने लोक हिला कुबडीच म्हणायचे. आपल्या आपण भरणाऱ्या छर्ऱ्यांच्या बंदुकांमधली ही पहिल्या पिढीतली, ताई. त्याच्या आधी दुनळी असायच्या. दोन बार झाले की बंदूक मोडा, काडतुसं काढा, नवी घाला, तोवर पाखरू पुढच्या गावात. हिने काय केलं, चाप ओढला की रिकामं काडतूस स्वतः फेकायचं आणि नवं स्वतः घ्यायचं. आणि गंमत अशी की त्यासाठी हिची अख्खी नळी मागे सरकते."

त्याने बंदूक रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं, मग नळीचं तोंड टेबलावरच्या जाड लोकरी नमद्यावर टेकवून वरून जोर दिला. खरोखरच नळी आत गेली आणि सोडल्यावर खळ्ळकन बाहेर आली.

"म्हणून खांद्याला दोन धक्के बसतात. एक नळी मागे येताना, एक पुढे जाताना. सवय नसलेल्याला वाटतं, बंदूक उडाल्यावर खाकरते की काय."

मग त्याने मला बाजूचं कोरीवकाम दाखवलं. लव्हाळ्यातून उडणारी बदकं होती, आणि त्यांच्या खाली एक घासून गुळगुळीत केलेली जागा. तिथे पहिल्या मालकाच्या नावाची अक्षरं असणार आणि विकताना त्याने ती काढून टाकली असणार, असं तो म्हणाला. पुढचा पेच फिरवून त्याने नळीखालचं लाकूडही उतरवलं. आत एक नळकांडं, त्यावर जाड स्प्रिंग, स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला एक पोलादी कडी आणि तिला टेकून पितळेचा एक तुकडा. त्याने नळकांड्यावरून बोट फिरवून बोट माझ्यासमोर धरलं. कोरडं होतं.

"तुमचे वडील जाणकार दिसतात. बहुतेक लोक इथे तेल ओततात आणि वाट लावतात. ही कडी म्हणजे ब्रेक आहे बघा. पुढे असली की नळी मागे येताना पितळेला आवळते, नळीचा वेग मोडते. हलक्या काडतुसांना ब्रेकची गरज नसते, तेव्हा हीच कडी काढून स्प्रिंगच्या मागे टाकायची. पण जड काडतुसं भरली आणि कडी मागेच राहिली, वर नळकांड्याला तेल..." त्याने स्वतःच्या खांद्यावर मूठ आपटली. "गाढवाची लाथ."

मी मान डोलावत होते. डॉक्टर एकमेकांत बोलतात तेव्हा डोलावते तशी.

शेवटी त्याने दस्त्यावर बोट ठेवलं. खांद्याला टेकतो त्या टोकापासून तीन बोटं अंतरावर एक बारीक रेघ होती. रेघेच्या पुढचं लाकूड लालसर, मागचं जरा काळपट, आणि दोन्हींच्या शिरा जुळत नव्हत्या.

"हा दस्ता आधी कुणीतरी कापला, आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाढवला. लहान पोरासाठी कापला असणार. तुमच्या वडिलांनाच शिकवायला. लिहून ठेवा."

कागद होईपर्यंत बंदूक त्याच्याकडेच ठेवून मी घरी आले, तेव्हा आई इस्त्री करत होती. मी सहज म्हणाले, "बाबा लहानपणापासून नेमबाजी करायचे का? दस्ता त्यांच्यासाठी कापला होता म्हणे."

आईने इस्त्री उभी ठेवली. "ह्यांच्यासाठी नाही. तुझ्या आत्यासाठी."

"आत्या बंदूक चालवायची?"

"चालवायची म्हणजे काय. पेपरात फोटो यायचे तिचे."

"मग मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही?"

"तिला विचार," आई म्हणाली आणि बाहीची घडी घालायला लागली. "माझ्या तोंडून नको."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि अख्ख्या पाळीची मुख्य होऊन निवृत्त झाली. लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लिफ्ट नाही, आणि ऐंशीच्या घरात पोचली तरी जिन्यावर कुणी हात धरायला गेलं तर झटकून टाकते. तिच्या जिभेला सगळे टरकून असतात. बाबा दर रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन तिच्याकडे जायचे. नळ गळतोय, फ्यूज उडालाय, खिडकीची कडी बसत नाही, काही ना काही असायचंच. आणि ती त्यांना बोलत राहायची. "धाकट्या, तुला एक स्क्रू सरळ बसवता येत नाही." बाबा हसायचे आणि स्क्रू काढून पुन्हा लावायचे. लहानपणी मला तिचा फार राग यायचा.

तिचा जिना चढताना मात्र मला बाबांचा राग येत होता. मी मनाशी सगळं जुळवून टाकलं होतं. जुना काळ, मुलीच्या हातात बंदूक, घरातला मुलगा मोठा झाला, आणि बंदूक त्याची झाली. वर दस्ता वाढवून तिची खूणही पुसून टाकली. गेलेल्या माणसावर रागावणं सोपं नसतं, पण मी तयारीने गेले होते.

आत्या गॅलरीत कुंड्यांची माती उकरत होती. मी बंदूकवाल्याचं सांगितलं तशी ती हात धुऊन आली आणि खुर्चीत बसली.

"पोरासाठी कापला म्हणाला?"

"लिहून ठेवा म्हणाला."

"शहाणाच आहे." तिने नखात राहिलेली माती काढली. "माझ्या वडिलांनी कापला. जेवणाच्या टेबलावर. आई ओरडत होती की भुसा भांड्यांत जातोय. दस्त्याखाली जुनं धोतर... नाही, चादर होती. करवत चालवताना ते सारखे मला उभं करत, बंदूक खांद्याला लावायला सांगत, अजून जरा, अजून जरा, असं करत कापलं. शिंपी कापड बेततो तसं."

माझे आजोबा नदीवरच्या फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचे. जमिनीची मोजणी करणारा एक साहेब कायमचा देश सोडून निघाला, त्याच्याकडून त्यांनी ती बंदूक घेतली. यंत्र म्हणून घेतली, आत्या म्हणाली. पाखरं मारायची त्यांना अजिबात हौस नव्हती. ही आपल्या आपण भरते कशी, ते त्यांना उघडून बघायचं होतं. ते समजल्यावर तिचं करायचं काय म्हणून त्यांनी दोन्ही मुलांना जुन्या दगडखाणीमागच्या नेमबाजीच्या मैदानावर नेलं. तिथे एक यंत्र मातीच्या तबकड्या हवेत फेकायचं आणि त्या उडवायच्या असायच्या.

"धाकट्याला जमेना," आत्या म्हणाली. "तो तबकडीकडे बघत बसायचा. किती छान जाते, म्हणायचा. मला मात्र ती कुठे असणार आहे ते आधीच दिसायचं. शिकले नाही मी ते. होतंच."

ती जिल्ह्यात पहिली आली, मग त्याच्या वरच्या स्पर्धेत. पुरुषांत एकटी बाई. त्यातला एकजण म्हणे तिच्या हातातल्या कुबडीकडे बघून म्हणाला होता की या बंदुकीत कौशल्य काय, सगळं तीच करते. आत्याने त्याला ती देऊ केली, आणि त्याच्या सगळ्या तबकड्या साबूत खाली आल्या. हे सांगताना तिचे डोळे चमकत होते.

"आणि बाबा?"

"तो माझा मदतनीस. काडतुसांची पिशवी त्याच्या खांद्यावर. आणि बंदूक साफ करणं त्याचं काम. ते त्याने स्वतःहून घेतलं होतं. कुणाला हात लावू द्यायचा नाही."

मग देशाच्या संघाची निवड आली. त्या हंगामात मैदानावर जड काडतुसं यायला लागली होती. पहिल्याच दिवशी तिच्या खांद्याला जबर धक्का बसला. तिला वाटलं, काडतुसं जड आहेत, सवय होईल. झाली नाही. खांदा निळा, मग काळा पडला. ती आतून टॉवेलची घडी बांधून जायला लागली. दुखण्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण एक दिवस तिच्या लक्षात आलं की चाप ओढायच्या क्षणी आपण डोळे मिटतोय.

"डोक्याने ठरवलं तरी डोळे ऐकेनात. शरीराला कळलं होतं ना आता काय येणार ते. आपण ज्याला शूरपणा म्हणतो ना, तो सगळा शरीराने साथ दिली तर. निवडीच्या दिवशी मी ओळीने चुकत गेले. लोक हसले असते तर बरं झालं असतं. सगळे इतके चांगले वागले. एकाने तर पाणी आणून दिलं."

त्यानंतर तिने बंदूक कपाटात ठेवली आणि एक्स्चेंजची नोकरी धरली.

"मग बाबांनी ती घेतली," मी म्हणाले.

"घेतली? मी दिली त्याला." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तू काय ठरवून आली आहेस?"

मी कुंड्यांकडे बघायला लागले.

"दोन-तीन वर्षांनी मी घर सोडून इथे राहायला यायचं ठरवलं. म्हटलं, धाकट्याला देऊन टाकू. द्यायच्या आधी एकदा उघडून बघितली. तोवर मी ती कधी उघडलीच नव्हती, माहितीये? सगळं आयतं हातात मिळायचं. उघडली तर कडी स्प्रिंगच्या मागे आणि नळकांडं तेलाने थबथबलेलं. हात घसरत होता. वडिलांनी आम्हां दोघांना समजावून सांगितलं होतं, जड काडतुसांना कडी पुढे. मी ऐकलं होतं. त्याने अर्धं ऐकलं असणार, तबकड्या बघत."

मला बंदूकवाल्याची खांद्यावर आपटलेली मूठ आठवली.

"तेल कशाला इतकं?"

"प्रेमाने गं," आत्या म्हणाली. "मोठी स्पर्धा होती ना बहिणीची."

ती उठली, गॅलरीचं दार लावून आली, पुन्हा बसली.

"मी नळकांडं कोरडं केलं, कडी पुढे आणली, बंदूक बंद केली आणि त्याला म्हटलं, मला कंटाळा आलाय, तू ठेव. बस."

"बाबांना सांगितलंच नाहीस?"

"काय सांगायचं? त्याचं लग्न ठरलं होतं तेव्हा. तुझी आई चहाला येऊन जायची. सांगून माझी स्पर्धा मला परत मिळणार नव्हती, आणि त्याची झोप मात्र गेली असती. आणि चूक त्याची एकट्याची नव्हती. जी वस्तू रोज खांद्याला लावायची ती स्वतः उघडून बघायला नको? पण हे कळायला मला उशीर लागला. आधी दोन वर्षं वरवर हसून बोलायचे, पण त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

"म्हणून त्यांना सारखी बोलायचीस? स्क्रूवरून?"

"नाही," ती म्हणाली. "स्क्रू तो खरंच वाकडे लावायचा."

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. बाबांबद्दल मी काय समजून बसले होते, तेही. मला वाटलं होतं, आईला हे ऐकून धक्का बसेल. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"ह्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सगळं. आमचं लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. ह्यांनी बंदूक साफ करायला काढली. मी इथेच होते. पुढचं लाकूड उतरवलं आणि हे तसेच बसून राहिले. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, कडी पुढे आहे. मला काय कळणार? म्हटलं, मग? म्हणाले, मी तर ती नेहमी मागे ठेवायचो."

आईने देठ बाजूला केले.

"मग एकेक करून त्यांना सगळं उलगडलं. नळकांडं कोरडं का, कडी कुणी हलवली. तिच्याखेरीज कोण हलवणार? म्हणजे आपलं चुकलं, ते तिला कळलं, आणि कळूनही ती बोलली नाही. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाऊन सांगतो म्हणाले. गेले. आणि तिचा नळ दुरुस्त करून परत आले."

"सांगितलं नाही?"

"तोंडच उघडलं नाही म्हणाले. ती इतकी हसून बोलत होती. पुढच्या रविवारी सांगतो म्हणाले. मग तो रविवार कधी आलाच नाही. ते आपले जात राहिले."

"आणि दस्ता? तो का वाढवला?"

"घरी कुणी आलं की बंदूक बघायला मागायचं आणि विचारायचं, इतका छोटा दस्ता कुणाचा? मग तुझ्या आत्याचं नाव निघायचं, मग पुढचे प्रश्न. एकदा ती समोर बसली असताना कुणीतरी विचारलं की तुम्ही सोडलीत का हो. तिचा चेहरा ह्यांना बघवला नाही. दुसऱ्याच आठवड्यात सुताराकडून तुकडा जोडून आणला. त्यानंतर कुणी विचारलं तर माझी आहे म्हणायचे. एकदासुद्धा चालवली नाही त्यांनी ती."

आता प्रश्न माझ्यापुढे होता. आत्याला वाटत होतं की बाबांना काहीच ठाऊक नव्हतं. आपण त्यांना वाचवलं, याच समाधानावर ती एवढी वर्षं राहिली होती. आई म्हणाली, "नको सांगू. हे गेले. आता तिला कशाला त्रास." दादा फोनवर म्हणाला, "दोघंही एक नंबरचे घुमे. तू तिसरी होऊ नकोस." मग म्हणाला, "पण मी असतो तर नसतं सांगितलं, घाबरून."

त्या आठवड्यात एक सुतारकाम करणारे गृहस्थ खांदा दुखतो म्हणून एक्स-रेला आले. मी फोटो काढला. हाड स्वच्छ, काही नाही. "काही नाही म्हणजे?" ते म्हणाले. "दुखतं तर आहे." मी त्यांना नेहमीचं उत्तर दिलं, की डॉक्टर सांगतील. ते कपडे घालून गेले आणि मला एकदम जाणवलं की बाबा आणि आत्या दोघंही एकमेकांसाठी गप्प राहिले खरे, पण त्यामुळे आपलं दुखणं समोरच्याने पाहिलंय, हे दोघांनाही कधी कळलं नाही. बाबांना निदान तिचं मौन समजलं होतं. तिला त्यांचं समजलंच नव्हतं.

रविवारी मी बाबांची हत्यारांची पिशवी घेऊन तिच्याकडे गेले. काही मोडलं नव्हतं. मी सरळ सांगून टाकलं, आईने सांगितलं तसं, काही न वगळता.

मी संपवल्यावर आत्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं रडेल. ती रागावली.

"म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी माझ्या घरात पालथा पडून नळ आवळत होता आणि त्याला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी त्याला सांभाळतेय असं मला वाटत होतं."

"तू सांभाळतच होतीस."

"तू जा आता," ती म्हणाली. "मला एकटीला बसू दे."

मी गेले. नंतर तिने माझे फोन घेतले नाहीत. आईने केला तर तिच्याशी बोलायची, भाज्यांचे भाव, शेजारणीचं कुत्रं, सगळं. माझं नाव निघालं की काम आहे म्हणून ठेवून द्यायची. आई मला "बघ, मी सांगत होते" असं म्हणाली नाही. त्याचं ओझं जास्त वाटलं. ठाण्यातून पुन्हा विचारणा झाली आणि मी काहीशा घाईतच ठरवून टाकलं की बंदूक वितळवायला द्यायची नाही. मी माझ्या नावाने परवान्याचा अर्ज केला. कारणाच्या जागी काय लिहू, ते सुचेना. शेवटी "कौटुंबिक" असं लिहिलं. तिथल्या माणसाने ते वाचून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी खोडून "नेमबाजी" लिहिलं.

एका दुपारी मला हॉस्पिटलात बंदूकवाल्याचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा दबका होता. "ताई, इथे एक आजी आल्यात. त्या म्हणतायत बंदूक त्यांची आहे. आणि मला आजी म्हणू नका असंही म्हणतायत. तुम्ही येता का?"

मी गेले तर आत्या स्टुलावर बसली होती आणि टेबलावर कुबडी सुटी करून मांडली होती. तिने ती स्वतः उघडली होती, आणि बंदूकवाला शेजारी हाताची घडी घालून उभा होता. मला बघून ती इतकंच म्हणाली, "आलीस? बस." जणू कालच भेटलो होतो.

"यांचं म्हणणं," बंदूकवाला म्हणाला, "मागचा तुकडा काढायचा का ते बघा. काढता येईल, आत दोन स्क्रू आहेत. पण एक वाकडा बसलाय. तो निघताना लाकूड धरून येईल."

आत्याने दस्ता उचलून आतल्या भोकात पाहिलं. मग चष्मा वर करून पुन्हा पाहिलं.

"सुताराने नाही केलं हे," ती म्हणाली. "त्याने स्वतः केलंय."

तिचा आवाज त्या क्षणी बदलला. तिने दस्ता मांडीवर घेतला आणि त्या जोडावरून अंगठा फिरवत राहिली. बंदूकवाल्याने हातांची घडी सोडली. शिंप्याच्या मशीनचा आवाज भिंतीतून येत होता.

"राहू द्या," थोड्या वेळाने ती म्हणाली. "काढू नका."

जोडलेली बंदूक एकदा चालवून बघायला हवी होती, त्याशिवाय बंदूकवाला कागद देणार नव्हता. दगडखाणीमागचं मैदान अजून आहे. तिथल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीत सकाळच्या वेळी आम्ही गेलो. बंदूकवाल्याने कडी कुठे आहे ते आत्याला दाखवलं. तिने ते बघून झाल्यावरही पेच पुन्हा उघडायला लावला आणि स्वतः बोट घालून पाहिलं. पहिल्या तबकड्या बंदूकवाल्याने उडवल्या, काही फुटल्या, काही नाही. बंदूक उडाल्यावर खरंच खाकरल्यासारखी वाटायची.

"मला द्या," आत्या म्हणाली.

प्रशिक्षकाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत तिने त्याला सांगितलं, "तिच्याकडे काय बघता? ती फोटो काढते." त्याने एकच काडतूस भरलं आणि तिच्या मागे, अगदी जवळ उभा राहिला. तिने बंदूक खांद्याला लावली. दस्ता तिच्यासाठी लांब होता, काखेत स्वेटरला अडकला. तिने पुन्हा लावली. पाय हलवून जागा घेतली. मी तिला अशी उभी कधीच पाहिली नव्हती. तिची पाठ सरळ झाली होती.

"सोड," ती म्हणाली.

तबकडी उजवीकडून वर गेली. आवाज झाला. तबकडी तशीच पुढे जाऊन गवतात पडली. आत्या जागची हलली नाही. प्रशिक्षकाने बंदूक घेतली तेव्हा मी धावत गेले.

"चुकली," मी म्हणाले. "काही हरकत नाही."

"चुकली ते मला दिसलं ना," ती म्हणाली. "खालून गेला बार. शेवटपर्यंत दिसलं." आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, ते तिने पुसलंही नाही. बंदूकवाला खांद्याला लागलं का विचारत होता. ती मान हलवून नाही म्हणत होती.

परवाना मला पुढच्या महिन्यात मिळाला. बंदूक आता माझ्या कपाटात असते आणि रविवारी आम्ही मैदानावर जातो. मला फारसं जमत नाही. आत्या मागे खुर्चीवर बसून सांगते, तबकडीवर नको, तिच्या पुढे बघ. मी म्हणते, पुढे काही नसतंच. ती म्हणते, असतं. आई कधी कधी सोबत येते, दोघी डबा उघडून बसतात, आणि परत येताना पाहावं तर दोघींचं बाबांवरून काहीतरी चाललेलं असतं. त्यांनी कुठला नळ कसा बिघडवला होता, आणि तो पुन्हा कुणी नीट केला.